स्पोर्ट्‌स बाईक सोडून रेट्रोवर येताय? आधी एवढं वाचा

सहा वर्षं मी स्पोर्ट्‌स बाईक चालवली. पोट टाकीवर, हनुवटी काचेमागे, डोळा आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, काट्यावर. मग मनगटं कुरकुरायला लागली आणि मी गोल दिव्याची, सिंगल सिलिंडरची, जुन्या धाटणीची एक निवांत रेट्रो घेतली. पहिल्या आठवड्यात वाटलं, फसलो. गाडी ओढत नाही, वळणात जड लागते, हायवेवर वारा छातीत बुक्के मारतो. विकायचं मनात आलं होतं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की गाडीत खोट नव्हती, मीच तिला जुन्या गाडीसारखं हाकत होतो.

त्या तीन आठवड्यांतला गोंधळ तुमचा वाचावा म्हणून हे लिहितोय. पहिलीच गाडी रेट्रो घेणाऱ्यालाही यातलं बरंच कामाला येईल. उलट त्याला जुन्या सवयी मोडायच्या नसल्यामुळे त्याचं काम सोपं आहे.

१. रूप हवंय की चाल, ते ठरवा

शोरूममधला पहिला सापळा हाच. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, लांब सपाट सीट आणि चमकणारा सायलेन्सर दिसला की आपण धरून चालतो, गाडी निवांत असणार. तसं काही नसतं. कावासाकीची झेड ९०० आरएस बघा. दिसायला सत्तरच्या दशकातली, पण आत ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते ८,५०० आरपीएमला सुमारे १११ अश्वशक्ती देतं. गाडी उत्तम आहे, पण ‘आता जरा सावकाश’ म्हणून ती घेणारा माणूस स्वतःलाच फसवतोय.

दुसरा नमुना रॉयल एनफील्डचा. इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० या दोन्हींत तेच ६४८ सीसीचं जुळं इंजिन आहे. पण इंटरसेप्टरचं हँडल रुंद आणि उंच, तर जीटीला खाली लावलेलं क्लिप-ऑन हँडल आणि मागे सरकवलेले फूटरेस्ट. अर्ध्या तासानं एक चालवणारा आजूबाजूची शेतं बघत असतो आणि दुसरा खांदे चोळत असतो. जीटी ज्यातली आहे तो कॅफे रेसर हा प्रकार दिसायला जुना असला तरी बसायला स्पोर्ट्‌सच आहे, हे विसरू नका.

तेव्हा नावावर जाऊ नका. तीन गोष्टी बघा: हँडल सीटपेक्षा किती उंच आहे, पाय गुडघ्याखाली सरळ पडतात की मागे मुडपतात, आणि जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, किती आरपीएमला मिळतो. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी विचारत नाही.

२. अश्वशक्तीचा आकडा झाका, टॉर्कचा वाचा

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

दोन गाड्या घेऊ. यामाहा आर१५ ची चौथी आवृत्ती: १५५ सीसी, १०,००० आरपीएमला १८.४ अश्वशक्ती, ७,५०० ला १४.२ न्यूटन-मीटर टॉर्क. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०: ३४९ सीसी, ६,१०० ला २०.२ अश्वशक्ती, ४,००० ला २७ न्यूटन-मीटर. अश्वशक्ती जवळजवळ सारखी, सीसी दुपटीहून जास्त आणि वर क्लासिकचं वजन १९५ किलो, म्हणजे आर१५ पेक्षा पन्नासएक किलो जास्त. कागदावर बघणारा म्हणेल, मग हिचा उपयोग काय?

उपयोग खालच्या आरपीएमला आहे. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले एक ठरलेली संख्या (न्यूटन-मीटरसाठी साधारण ७,०२४). आता दोन्ही गाड्या ४,००० आरपीएमवर आहेत असं धरा. क्लासिकची त्या क्षणी सुमारे १५ अश्वशक्ती तयार असते. आर१५ नं आपला सर्वांत जास्त टॉर्क तिथेच दिला असं मानलं, जो ती तिथे देत नाही, तरी ८ च्या पुढे हिशोब जात नाही. रोजच्या चालवण्यात काटा बहुतेक वेळ याच पट्ट्यात असतो. म्हणून सिग्नलवरून निघताना किंवा मागे माणूस बसवून चढ चढताना जड गाडी हलकी वाटते आणि हलकी गाडी गिअर मागत राहते.

हे होतं कशामुळे? क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची खालीवर होण्याची लांबी, म्हणजे स्ट्रोक, ८५.८ मिलिमीटर. यामाहाच्या हजार सीसीच्या आर१ मध्ये उलटं आहे: व्यास ७९, स्ट्रोक फक्त ५०.९. दर फेरीला पिस्टनला जितकं लांब जायचं तितकं त्याला घाईनं फिरवणं अवघड. आर१ चं इंजिन १३,५०० आरपीएमला सुमारे २०० अश्वशक्ती काढतं. लांब स्ट्रोकचं इंजिन त्याच्या निम्म्यावरच दमतं, पण शक्ती खालीच वाटून मोकळं होतं. जड फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं वजनदार चाक) असेल तर थ्रॉटल, म्हणजे एक्सिलरेटर, सोडल्यावरही ते लगेच पडत नाही, आपल्या गतीनं फिरत राहतं. ‘ठक-ठक’ म्हणून जे आपल्याला आवडतं ते यातूनच येतं.

ट्रायम्फच्या बॉनव्हिल टी१२० चंही गणित असंच, फक्त मोठ्या आकड्यांत: १,२०० सीसी, ८० अश्वशक्ती, पण १०५ न्यूटन-मीटर, तेही ३,५०० आरपीएमला. आज सहाशे सीसीच्या स्पोर्ट्‌स बाईका शंभराच्या वर अश्वशक्ती देतात, पण हा टॉर्क त्यांच्या आवाक्यातला नाही.

३. ट्रायल घ्या, पण अर्धा तास तरी

दुकानाभोवतीची एक फेरी म्हणजे ट्रायल नव्हे. पाच मिनिटांत प्रत्येक रेट्रो सोफ्यासारखी वाटते. खरं बोलते ती पंचविसाव्या मिनिटाला.

ट्रायलमध्ये हे करा:

- टॉपच्या एक खालच्या गिअरमध्ये गाडी सावकाश आणा आणि थ्रॉटल हळू उघडा. न धडपडता ओढली पाहिजे.
- खराब रस्त्याचा एक तुकडा मुद्दाम शोधा.
- गाडी बंद करून हातानं मागे ढकला, थोड्या उतारावरसुद्धा. १९०-२०० किलो म्हणजे काय ते पार्किंगमध्येच कळतं.
- मागे कोणाला तरी बसवून एक फेरी मारा.

खराब रस्त्याचं का? स्पोर्ट्‌स बाईकवर वजन मनगटांवर, मांड्यांवर आणि पायांवर वाटलेलं असतं. पाय अंगाखाली असल्यानं खड्डा दिसला की आपण नकळत उचललो जातो. रेट्रोवर सगळा भार माकडहाडावर. त्यात मागे दोन छोटे शॉकअॅब्सॉर्बर, त्यांची खालीवर होण्याची मुभा कमी. खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. मनगटदुखी गेली म्हणून मी खूश होतो, महिन्याभरात कंबर बोलायला लागली. रेट्रो म्हणजे आराम हे अर्धसत्य आहे. बसण्याची ढब आरामशीर असते, सस्पेन्शन तसं असेलच असं नाही.

४. कागद आणि हत्यारं

कागदांचे नियम जागोजागी वेगळे, म्हणून फक्त मुद्दे सांगतो. तुमचा परवाना या ताकदीच्या गाडीला चालतो का ते आधी बघा, काही ठिकाणी ताकदीप्रमाणे परवान्याचे वर्ग असतात. जुनी गाडी घेत असाल तर:

- नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड, आणि त्यावरचा इंजिन व चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा
- चालू विमा आणि त्याची मुदत
- गाडीवर कर्ज होतं का, असल्यास फिटल्याचं पत्र
- सर्व्हिसच्या नोंदी
- सायलेन्सर किंवा हँडल बदललेलं असेल तर मूळ भाग सोबत मिळतोय का

शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. रेट्रो गाड्यांशी जितकी छेडछाड होते तितकी दुसऱ्या कुठल्या प्रकाराशी होत नसेल. मोकळा सायलेन्सर लावलेली गाडी ऐकायला भारी वाटते, पण तपासणीत अडकते. शिवाय त्यापायी इंधनाचं मिश्रण बिघडलेलं असू शकतं.

हत्यारांत मी हे जवळ ठेवतो: हवेचा दाब मोजायचा गेज, चेनचं स्प्रे आणि मऊ ब्रश, अॅलन कीचा संच, मागच्या चाकाच्या नटाचा पाना, शॉकचा हुक पाना, स्पोकचा छोटा पाना, आणि चाक ट्यूबवालं असेल तर एक जादा ट्यूब व टायर काढायच्या दोन पट्ट्या.

ट्यूबचं नीट समजून घ्या, कारण ट्यूबलेसची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. साध्या स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोकला रिममध्ये भोक असतं, त्यातून हवा निसटू नये म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर तो भोकात बसून राहतो आणि हवा हळूहळू जाते, बहुतेक वेळा घर गाठता येतं. ट्यूब फाटली की हवा काही क्षणांत जाते आणि मग चाक काढण्यावाचून इलाज नसतो. स्पोकचं रूप फार आवडत नसेल तर त्याच गाडीची अलॉय चाकांची ट्यूबलेस आवृत्ती मिळते का विचारा. मी विचारलं नाही. भर उन्हात, आयुष्यात पहिल्यांदा मागचं चाक काढताना मला त्याचा फार पश्चात्ताप झाला.

५. पहिले दोनशे किलोमीटर: डाव्या पायाला नवीन धडा

स्पोर्ट्‌स बाईकवर गिअर वाढवण्याचा इशारा इंजिनच्या किंचाळण्यातून मिळतो. इथे तोवर थांबलात तर नुसता आवाज आणि थरथर वाढेल, गाडी पुढे जाणार नाही. क्लासिकसारख्या गाडीत मी साधारण ३,००० ते ४,००० च्या मध्ये वरचा गिअर टाकतो. अनेक रेट्रोंना आरपीएमचा काटाच नसतो, त्यामुळे हे कानानं आणि पायाच्या तळव्यानं शिकावं लागतं. फूटरेस्टची कंपनं बारीक मुंग्यांसारखी झाली की समजायचं, वर जा.

आता उलटी चूक, जी मी दोन महिने केली. टॉर्क आहे ना, मग चाळीसला टॉप गिअर! गाडी जाते, पण ‘ढक-ढक’ करत, चेन झटके खात. यानं इंजिनच्या बेअरिंगवर आणि चेन-स्प्रोकेटवर नाहक ताण पडतो. थ्रॉटल उघडल्यावर आधी धडधड आणि मग ओढ अशी क्रमवारी आली तर तुम्ही एक गिअर वर आहात. खाली या. टॉर्क असणं म्हणजे आळसाचा परवाना नव्हे.

काही रेट्रोंना टाच-पंजा असा दोन्हीकडचा गिअर लीव्हर असतो: पंजानं दाबलं की गिअर कमी, टाचेनं दाबलं की वाढतो. स्पोर्ट्‌सच्या सवयीनं मी पाय जरा मागे ठेवून बसलो आणि खड्ड्यात टाच लीव्हरवर पडली. दुसऱ्यातली गाडी तिसऱ्यात. काही बिघडलं नाही, पण मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवून माझं कौतुक केलं. पहिले काही दिवस पायाचा मधला भाग फूटरेस्टवर राहील याकडे लक्ष ठेवा.

क्लचला घाई करू नका. जड फ्लायव्हीलच्या इंजिनाला आरपीएम उतरायला वेळ लागतो, झटपट गिअर बदलायला गेलात तर खट्‌ असा आवाज येतो किंवा गिअर मध्येच अडकतो. क्लच, अर्धा श्वास, गिअर, क्लच. ही लय बसली की गाडी एकदम शहाणी वाटायला लागते.

६. वळण: जिथे मी खरा घाबरलो

घाटाचा उतार, डावीकडचं उघडं वळण, रस्ता कोरडा. मी जुन्या गाडीच्या वेगानं शिरलो. अर्ध्यात डाव्या पायाखालून ‘खर्रर्र’ असा आवाज आला आणि तळव्याला थरथर जाणवली. फूटरेस्ट रस्त्याला घासत होता. मी दचकलो आणि दचकलेला माणूस जे करतो तेच केलं, गाडी सरळ केली. सरळ केलेली गाडी वळत नाही. ती मला रस्त्याच्या मधल्या रेषेपलीकडे घेऊन गेली. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून हे सांगायला उरलो.

त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत जे समजलं ते असं.

रेट्रोचे फूटरेस्ट खाली आणि पुढे असतात, म्हणून गाडी थोडी कलली तरी टेकतात. स्पोर्ट्‌स बाईकचे मागे आणि उंच असतात ते याचसाठी. फूटरेस्ट बहुधा बिजागरीवर असतो, टेकला की वर मुडपतो, त्यामुळे पहिल्या आवाजाला घाबरून काही करायचं नाही. थ्रॉटल स्थिर, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि शरीराचा वरचा भाग थोडा आतल्या बाजूला झुकवा. शरीर आत गेलं की तेवढंच वळण घ्यायला गाडीला कमी कलावं लागतं. मात्र फूटरेस्ट मुडपल्यावरही घासतच राहिलं तर आता सायलेन्सर किंवा स्टँडसारखा न मुडपणारा भाग टेकेल, आणि तो चाक उचलू शकतो. तिथे मर्यादा संपली.

खरं काम त्याआधीचं आहे. स्पोर्ट्‌स बाईक वळणात शिरल्यावरही चूक दुरुस्त करू देते. रुंद टायर, ताठ चासी, पुढचे जोडीचे ब्रेक, कलायला भरपूर जागा. रेट्रो ही उधारी देत नाही. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उतरवा. गिअरही आधीच कमी करा. शिरताना थ्रॉटल अगदी थोडा उघडा आणि वळणभर तसाच धरून ठेवा, म्हणजे मऊ सस्पेन्शन डोलत नाही. वळण सुटताना टॉर्क वापरा, त्याची मजा तिथेच आहे.

गाडी वळवण्याची क्रिया दोन्हींवर तीच: डावीकडे जायचं तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे दाबायची. रेट्रोचं हँडल रुंद, त्यामुळे जोर कमी लागतो. पण पुढचं चाक बऱ्याचदा १९ इंची असतं, स्पोर्ट्‌सचं १७ इंची. मोठं चाक कलायला थोडा वेळ घेतं. झटका देऊ नका, इशारा जरा लवकर द्या. दोन-तीनशे किलोमीटरनंतर हा उशीर जाणवेनासा होतो.

सरावाला एकच ओळखीचं वळण निवडा आणि दहा वेळा जा, दर वेळी आधीपेक्षा थोडं सावकाश शिरून आणि थोडं लवकर थ्रॉटल उघडून. सावकाश शिरल्यावर बाहेर पडतानाचा वेग वाढलेला दिसेल. मला हे पटायला सात फेऱ्या लागल्या.

७. ब्रेक

पुढचा ब्रेक दोन बोटांऐवजी तीन-चार बोटांनी, आधी हलका आणि मग घट्ट. एकदम आवळलात तर मऊ फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, खाली बसतो आणि गाडी नाक टेकते. सपाट मोकळ्या जागेत चाळीसवरून थांबण्याचा सराव करा, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागेपर्यंत दाबा, लिव्हरची ती कडकड ओळखीची होऊ द्या. मागचा ब्रेक स्पोर्ट्‌सवर कोणी फारसा वापरत नाही, इथे वापरा. दोन चाकांमधलं लांब अंतर आणि मागे बसलेलं वजन यामुळे तो उपयोगी पडतो. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, एवढा एक आकडा डोक्यात असू द्या.

८. ओव्हरटेक आधी डोक्यात करा

जुन्या गाडीवर मी ट्रकच्या मागे गेलो, फट दिसली, दोन गिअर खाली, सूं. रेट्रोवर हे केलं तर ट्रकच्या शेजारी अडकून राहाल आणि आरपीएम संपलेले असतील.

हिशोब करून बघा. ट्रक ६० नं चाललाय, तुम्ही ८० नं. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरून ५५ मीटर कापायचे आहेत. दहा सेकंद लागले. तेवढ्यात तुम्ही सव्वादोनशे मीटर पुढे गेलात, आणि समोरून कोणी ८० नं येत असेल तर तोही तितकाच जवळ आला. साडेचारशे मीटर रस्ता स्वच्छ दिसायला हवा. ११० नं जाऊ शकणाऱ्या गाडीला हेच काम चार सेकंदांत आणि निम्म्याहून कमी रस्त्यात होतं. ‘दिसतंय बहुतेक मोकळं’ हे रेट्रोवर चालत नाही. वेगमर्यादा आहेच, ती दोघांनाही सारखी.

म्हणून ट्रकला चिकटू नका, मागे राहा म्हणजे पुढचं दिसेल. योग्य गिअर आधीच टाका, मागे असतानाच वेग धरा, आणि शंका आली की सोडून द्या. मला स्वतःला सोडून द्यायला शिकण्यातच सगळ्यात जास्त वेळ लागला.

९. वारा आणि लांबचा पल्ला

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला कापायला लागणारी ताकद घनानं. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट झाला, ताकद जवळजवळ दुप्पट लागते. स्पोर्ट्‌स बाईकवर हे फेअरिंग, म्हणजे पुढचं आवरण, खातं, इथे तुमची छाती खाते. वीस अश्वशक्तीची गाडी ९० नंतर का मंदावते, हे यात आलं.

वारा छातीवर आला की माणूस हँडलला लटकतो. तीच चूक. हँडलवरची घट्ट पकड वाऱ्याचे हेलकावे सरळ पुढच्या चाकात उतरवते आणि गाडी डुगडुगते. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल, कंबरेतून किंचित पुढे झुका. बोटं इतकी मोकळी हवीत की हँडलवर पियानो वाजवता यावा. उंच काच लावायची तर आधी कोणाची तरी मागून घेऊन बघा. कमी उंचीची काच वारा छातीवरून काढून बरोबर हेल्मेटवर टाकते आणि डोकं दिवसभर हलत राहतं. कानात इअरप्लग घाला, मात्र तुमच्याकडे ते चालतात का ते पाहून. शीण कमी होण्यात त्यांचा वाटा मला गादीच्या सीटहून मोठा वाटला.

दर पाऊण-एक तासानं उतरा. खड्डा दिसला की फूटरेस्टवर भार देऊन बूड दोन बोटं उचला. मागे कोणी बसणार असेल किंवा सामान असेल तर हुक पान्यानं दोन्ही शॉक सारख्या खाचेवर कडक करा. एक डावीकडे तिसऱ्या खाचेत आणि एक उजवीकडे चौथ्या खाचेत, असं मी एकदा दोनशे किलोमीटर चालवलं आणि टायरला शिव्या घातल्या.

१०. वेगवान मित्रांबरोबर जाताना

सर्वात जास्त रेट्रोवाले पडतात ते बहुधा इथे, असा माझा अंदाज. चार स्पोर्ट्‌स बाईका पुढे, तुम्ही मागे, आणि प्रत्येक वळणात त्यांना गाठायची धडपड. तुमची गाडी तसं करायला बनलेली नाही आणि तुमचं डोकं तेव्हा तुमच्या ताब्यात नसतं.

निघायच्या आधी बोलून घ्या: थांबायच्या जागा ठरलेल्या, प्रत्येक फाट्यावर पुढचा मागच्यासाठी थांबणार, मधल्या रस्त्यात ज्यानं त्यानं आपल्या चालीनं जायचं. सगळ्यांना एकत्रच राहायचं असेल तर रेट्रोला पुढून दुसरा नंबर द्या, शेवटचा नको. शेपटाला रबरासारखं ताणलं जातं: पुढच्यानं वेग थोडा वाढवला की शेवटच्याला तो खूप वाढवावा लागतो. हे ज्यांना पटत नाही त्यांच्याबरोबर मी आता जात नाही. भेटतो, पण पोचल्यावर.

११. निगा

साध्या इंजिनाला काही लागत नाही, ही अफवा आहे. साधेपणाचा फायदा एवढाच की बिघाड डोळ्यांना दिसतो, पण त्यासाठी बघावं लागतं.

हवेवर थंड होणारं इंजिन चालत्या वाऱ्यावर अवलंबून असतं. तुंबलेल्या वाहतुकीत दोन मिनिटांहून जास्त उभे असाल तर बंद करा. तेल बघायचं ते गाडी मेन स्टँडवर सरळ उभी असताना, तिरकी नव्हे. बऱ्याच रेट्रोंना मेन स्टँड मिळतो, स्पोर्ट्‌सला सहसा नसतो. चेन साफ करायला हा स्टँड म्हणजे वरदान. दर पाचशेएक किलोमीटरला, आणि पावसातून आल्यावर लगेच, चेनला तेल द्या. ढिलाई मोजताना चाक फिरवून चेन सर्वांत ताठ कुठे आहे ते शोधा आणि तिथे मोजा. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

सिंगल सिलिंडरची कंपनं नट सैल करतात. आरशाचे, नंबर प्लेटचे, सायलेन्सरच्या पट्टीचे नट दर महिन्याला हातानं तपासा. माझी नंबर प्लेट एका बोल्टवर लटकत होती, ते मला मागच्या रिक्षावाल्यानं सांगितलं.

आणि स्पोक. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हळू फिरवा आणि स्पोकच्या पान्यानं एकेका स्पोकला टिचकी मारत जा. ताठ स्पोक ‘टिंग’ वाजतो. ढिला ‘टक्‌’ असा मेल्यासारखा. एक-दोन ढिले असतील तर पाव-पाव फेरा घट्ट करून पुन्हा वाजवून बघा. चार-पाच लागोपाठ मेलेले निघाले तर स्वतः पिळू नका, रिम वाकडी होईल. चाक सरळ करणाऱ्याकडे न्या. नवीन गाडीत हे पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर एकदा नक्की करा. नवे स्पोक बसायला तेवढं अंतर घेतात आणि पहिल्या सर्व्हिसमध्ये हे काम विसरलं जाण्याची शक्यता असते. माझ्या वेळी ते विसरलं गेलं होतं. घरी येऊन वाजवून बघितले तर सात निघाले.